धसकटाची जखम



या पानावर आम्ही एरवी भावाबद्दल, विजेबद्दल, कर्जाबद्दल लिहितो. या वेळी पायाबद्दल लिहीत आहोत. जिरायती शेतकऱ्याचे भांडवल मोजायला बसले तर जमिनीनंतर पहिला नंबर त्याच्या दोन पायांचा लागतो, आणि आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या त्या भांडवलातली दोन बोटे गेली आहेत.

घडले ते असे. ज्वारीची काढणी झाल्यावर तो रानात धसकटे वेचत होता. चपलेच्या झिजलेल्या तळातून एक धसकट उजव्या पायाच्या अंगठ्याखाली घुसले. साखरेचा आजार जुना, तळव्याची जाणीव गेलेली. त्यामुळे दुखले नाही, आणि दुखले नाही म्हणून कोणी पाहिले नाही. पाचव्या दिवशी चप्पल ओली लागली तेव्हा घरच्यांनी पाय उचलून पाहिला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. खिशात पैसे तीन दिवसांचे होते, तीन दिवसांच्या घेतल्या. जखम सुकली. पंधरा दिवसांनी पुन्हा वाहू लागली. मग मेडिकलच्या दुकानातून त्याच गोळ्या, मग त्याहून महाग, मग इंजेक्शने, मध्येच शेजाऱ्याच्या घरात उरलेल्या कॅपसूल. असे साडेचार महिने. शेवटी अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट काढावे लागले.

बैठकीला आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. "पहिल्या वेळी ज्या गोळीने तीन दिवसांत आराम पडला, तीच गोळी पुढे पाण्यासारखी का झाली? माल बनावट होता काय?"

बनावट बियाणे आणि बनावट खत पाहिलेल्या माणसाला हा संशय येणारच. पण गोळी तीच राहून जंतू बदलले, तरी असेच होते. जंतू बदलतात कसे, हे ज्वारी पिकवणाऱ्याला समजायला अवघड नाही.

आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी ३५-१ हे वाण स्वातंत्र्याच्या आधीच निघाले. ते कोणी कारखान्यात घडवले नव्हते. स्थानिक मालदांडीत मुळात विविधता होती. त्यातली चांगली ताटे निवडली, त्यांचेच बी पुढे पेरले, पुन्हा निवडले. जखमेतही निवडच होते, फक्त निवडणारा माणूस नसून औषध असते. जंतू बिघडलेल्या जखमेच्या एक ग्रॅम मांसात लाखाहून जास्त जंतू सापडतात. ते सारे एका साच्यातले नसतात. जंतू दोनाचे चार होताना आपल्या गुणसूत्राची नक्कल करतो, आणि सातबारा उतरवताना तलाठ्याच्या हातून एखादे नाव चुकावे तशी त्यात अधूनमधून चूक होते. बहुतेक चुका फुकट जातात. एखाद्या चुकीने मात्र औषध बाहेर ओकून टाकण्याची किंवा औषध जिथे चिकटते ती जागाच बदलण्याची सोय होते. तीन दिवसांची गोळी नाजूक जंतू मारते आणि चिवट तेवढे मागे ठेवते. रान मोकळे झालेले असते, मग तेच चिवट बी पसरते.

पण हे झाले अर्धेच. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेत जंतू औषधाशी झुंजायला शिकतात तसे न झुंजता राहायलाही शिकतात. साध्या गळवात सापडणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू एरवी जोमाने वाढतो, विष सोडतो, ताप आणतो. जुन्या जखमेत त्याचे काही वंशज खुरटे होतात, हळू वाढतात, माणसाच्या पेशींच्या आत दडून बसतात. बरीच औषधे वाढत्या जंतूवरच चांगली चालतात, त्यामुळे हा खुरटा वाचतो. प्रयोगशाळेतल्या बशीतही तो इतका बारीक आणि उशिरा उगवतो की नजरेतून सुटू शकतो. हिरवट पू आणि गोडसर वास आणणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू आहे. जंतू आपसात रासायनिक सांगावे धाडून एकदम हल्ला करतात. जुन्या दुखण्यात त्याचे काही वंशज हे सांगावे ऐकणेच सोडून देतात आणि गुपचूप बस्तान मांडतात. जखम दिसायला शांत असते, पण भरत नाही.

त्यात भर बुळबुळीत थराची. जनावरांचा हौद चार-आठ दिवस घासला नाही तर आतून हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तोही जंतूंनीच बांधलेला थर असतो. नुसते पाणी ओतून तो जात नाही, काथ्याने घासावा लागतो. जखमेतही जंतू स्वतःभोवती असाच चिकट थर बांधतात. २००८ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा जुन्या जखमांच्या १०० पैकी ६० नमुन्यांत हा थर सापडला, ताज्या जखमांत १०० पैकी फक्त ६. थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी, तिथले जंतू अर्धवट झोपलेले, औषधही तिथवर नीट पोचत नाही. म्हणून जखमेतले मेलेले मांस आणि हा थर डॉक्टर खरवडून काढतात. आपल्याला वाटते उगीच कातडे सोलतात. खरवडल्यानंतरचे एक-दोन दिवस औषधाला मोकळे रान असते, मग थर पुन्हा बांधला जातो. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा करावे लागते.

जंतू एकमेकांना गुण उसनेही देतात. २००२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका मधुमेही रुग्णाच्या अंगात व्हॅन्कोमायसीन या राखीव औषधाला पुरता दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. असा जंतू तिथे तोवर कोणी पाहिला नव्हता. त्या रुग्णाच्या पायाला जुनी जखम होती आणि त्याला ते औषध पूर्वी दिलेले होते. जखमेत आतड्यातला एक वेगळाच जंतू सोबत नांदत होता, आणि औषध पचवण्याचा गुण त्याच्याकडून आयता आला होता. म्हणजे जुनी जखम हा नुसता आजार राहत नाही, तो जंतूंचा बाजार होतो.

कापसावाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. बीटी कापूस २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ साली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बोंडे आतून पोखरली. बियाण्यासोबत येणारे बिगर-बीटीचे छोटे पाकीट आपल्यापैकी कितीजणांनी पेरले, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. तुलना मात्र फार ताणू नये. पाकिटातल्या झाडांवर जगलेला नाजूक पतंग चिवट पतंगाशी जोडी जमवतो आणि चिवटपणा पातळ होतो. जंतूंमध्ये अशी जोडीची भानगड नाही, तिथे चिवटाचे पोर चिवटच निघते. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांनी तेल्यावर स्ट्रेप्टोसायक्लीन फवारले. त्यातली दोन्ही औषधे मुळात माणसांची. तो हिशेब वेगळा मांडावा लागेल.

ही औषधे हाती येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले. पुढे ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्याला डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव होते. हे बेथ्यून नावाजलेले सर्जन. १९३९ साली शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, त्यातून रक्तात विष भिनले आणि ते गेले. बोटावरच्या एका चिरेने सर्जन मरतो, असा तो काळ होता. माणसावर पेनिसिलिनचा पहिला मोठा प्रयोग १९४१ साली झाला, आणि ते शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावले की अपुरे औषध घेणारा माणूस जंतूंना शिकवून शहाणे करतो. १९५४ साली पिंपरीला सरकारी कारखान्याची कंपनी निघाली आणि हे औषध आपल्या देशात बनू लागले. फ्लेमिंग यांचा इशारा मात्र खेड्यातल्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचला नाही.

इथे शहाणी माणसे म्हणतील, शेतकरी अडाणी, कोर्स पुरा करत नाही. आम्हाला हे मान्य नाही. आमच्या कार्यकर्त्याला सात दिवस म्हणजे सात दिवस हे कळत होते. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब. पट्टी बदलायला गेले की रोज बुडतो, भाडे जाते, सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. ज्याला मालाचा भाव मिळत नाही तो औषध सुट्टे घेतो, जसा तेल-मीठ सुट्टे घेतो.

तरीही काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. साखरेचा आजार असलेल्याचे तळवे रोज रात्री घरातल्या कोणीतरी उजेडात पाहावेत. अनवाणी रानात जाऊ नये. जखमेवर तंबाखू, राख, रॉकेल, शेण काही लावू नये. जखम झालेल्या पायावर भार टाकला तर कुठलीही गोळी ती भरून आणत नाही. जुन्या जखमेत जंतू असतातच, म्हणून प्रत्येक जखमेला अँटिबायोटिक लागते असे नाही. लाली, सूज, गरमपणा, पू, ताप दिसला तर लागते, तेव्हा उशीर करू नये. जाणीव गेलेल्या पायात दुखण्याची वाट पाहू नये. इंजेक्शनाचा हट्ट आपण धरतो, तो सोडावा. औषध सांगितले तितके दिवस घ्यावे, स्वतःच्या मनाने कमी नाही आणि जास्तही नाही, कारण जास्त दिवसही निवड चालूच राहते.

आणि एक मागणी. औषध बदलण्याआधी जखमेतला जंतू कोणता आणि तो कशाला दाद देतो, हे तपासावे लागते. त्यासाठी वरवरचा पू पुसून घेऊन भागत नाही. स्टॅफिलोकॉकस बहुधा वर आणि स्यूडोमोनास खोल बसतो, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवले आहे. जखम साफ करून आतल्या मांसाचा तुकडा घ्यावा लागतो. रुग्णाने सोलापूरला जाण्याऐवजी हा नमुना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेतला जावा, तो एसटीने जिल्ह्याला जावा आणि निकाल चार दिवसांत फोनवर यावा. दूध रोज संध्याकाळी गोळा होऊन डेअरीला जाते, तर आठवड्यातून दोनदा नमुन्याचे डबे जायला हरकत काय? त्याच दवाखान्यात जखम खरवडणारा आणि पट्टी करणारा माणूस आठवड्याचे ठरलेले दोन दिवस हजर असावा.

या मागणीचे निवेदन पुढच्या जिल्हा बैठकीत ठरवायचे आहे. ज्यांच्या घरात एक महिन्याहून जुनी जखम आहे त्यांनी येताना आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन याव्यात. नाव सांगायची गरज नाही. कोणते औषध, किती दिवस, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती पैशाला, एवढे कागदावर उतरवून घेतले जाईल. आमचा तो कार्यकर्ता दाराशी वही घेऊन बसणार आहे. उभे राहण्याचे काम त्याला सध्या देता येत नाही.