हातचा कोठून येतो?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रात मोठेच वादळ उठले. विधानसभेत टोलेबाजी झाली, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा, आता दिवंगत, डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे मांडली. परंतु ती ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. संख्येचे नाव कसे उच्चारावे हा प्रश्न वस्तुतः दुय्यम आहे. त्या संख्येत दशक किती व एकक किती हे मुलाला दिसते की नाही, हा खरा प्रश्न. आणि त्याची कसोटी हातच्याच्या बेरजेत लागते.

सत्तावीस अधिक अडतीस हे साधे उदाहरण घ्या. उत्तर पासष्ट. परंतु मुलांच्या वह्यांत ५५, ५१५ आणि १०१ अशीही उत्तरे आढळतात. तिन्हींवर सारखीच फुली पडते. दोष मात्र तिन्हींत निरनिराळा आहे. ५५ लिहिणारा हातचा मिळवावयास विसरला. ५१५ लिहिणाऱ्याने सात-आठ पंधरा आणि दोन-तीन पाच या दोन्ही बेरजा बिनचूक केल्या. एका घरात एकच अंक मावतो व दहा एकक झाले की ते शेजारच्या घरात एक दशक होऊन जातात, हे मात्र त्याला कोणी दाखविले नाही. १०१ लिहिणाऱ्याने पंधरातील एक खाली मांडला आणि पाच हातचे घेतले. त्याने शब्द पाठ केले आहेत, एवढेच.

मराठी संख्यानामे ही अडचण वाढवितात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी येतात, ‘एकोणतीस’मध्ये तर नऊचा पत्ताच नाही. कन्नड वा तेलुगूत दशक आधी उच्चारतात. गंमत अशी की, बेरजेला एककापासूनच प्रारंभ होत असल्याने आपला क्रम तेथे सोयीचाच ठरावा! तेव्हा सारा दोष क्रमाच्या माथी मारता येत नाही. शिवाय घरात आणि बाजारात मुलाच्या कानी ‘सत्तावीस’च पडणार. दोन्ही वाचने शेजारी ठेवण्याचा समितीचा मार्ग म्हणूनच समंजस होता.

मात्र नावे बदलून वा राखून हातचा समजत नाही. त्यासाठी काड्या आणि दोरा लागतो. सात व आठ सुट्या काड्या एकत्र करून त्यांतील दहांचा गठ्ठा मुलाने स्वतः बांधावा व दशकाच्या घरात नेऊन ठेवावा; हातचा एक म्हणजे तो गठ्ठा. उभी मांडणी त्यानंतर यावी. हाच गठ्ठा पुढे वजाबाकीत सोडावयाचा असतो, आणि तेथे पहिली कच्ची बाजू उघडी पडते. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत निदान वजाबाकी येणारी तिसरीची मुले २०२२ मध्ये देशभरात २५.९ टक्के होती, २०२४ मध्ये ३३.७ टक्के. सुधारणा झाली हे खरे. तरी तिघांपैकी दोघे बाहेरच राहिले.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू करून प्राथमिक अंकज्ञानासाठी २०२६-२७ ही मुदत ठरविली. मुदती ठरविणे सोपे असते. गठ्ठे बांधण्यात आठवडे जातात, आणि जनगणना व निवडणुकीची कामे शिक्षकाला लावण्याची मुभा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच ठेवली आहे. वर्ग अर्ध्यावर टाकून त्या कामांना गेलेला शिक्षक परत येतो तेव्हा पुस्तक पुढे सरकलेले असते. मग ‘पंधराचे पाच, हातचा एक’ असे घोकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. शाळेच्या तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने किती बेरजा बरोबर आल्या एवढेच न पाहता, ५१५ किती जणांनी लिहिले व १०१ किती जणांनी, हेही विचारावयास हरकत नाही.