मोटारीचे दिवे

हल्लीं मोटारीस अधिक प्रखर दिवे बसवून घेण्याची चढाओढ लागलेली दिसते. रात्रीं रस्ता नीट दिसावा ही इच्छा रास्तच आहे. परंतु दिव्याचा जोर वाढविला म्हणजे काम झालें, हा समज आम्हांस घातक वाटतो. नेहमींच्या हॅलोजन दिव्यांत डिपरच्या तारेखालीं धातूची चिमुकली वाटी असते. ती वर जाणारा उजेड अडविते. मागील आरसाही त्या तारेची जागा धरूनच घडविलेला असतो. तेथें भलताच एलईडी दिवा कोंबला, कीं प्रकाश अस्ताव्यस्त फांकतो आणि समोरील दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. वयस्क डोळ्यांस तर सांवरण्यास अधिकच वेळ लागतो. शिवाय ६० वॅटच्या जागीं १०० वॅटचा दिवा लाविल्यास विजेचा प्रवाह ५ अँपिअरवरून ८ च्या वर जातो व मूळच्या तारांचें वेष्टण वितळण्याचें भय असतें. म्हणून प्रथम दिव्यावरील पिंवळें पडलेलें आवरण स्वच्छ करावें, झोताचा रोख तपासून घ्यावा आणि मागें ओझें असल्यास तो खालीं आणावा. अरुंद रस्त्यावर समोरचा आंधळा झाला, तर तो आपल्याच अंगावर येणार, हें वाचकांनीं विसरूं नये.