नाशिकच्या मेट्रोचं काय झालं, ते आम्हाला सांगा

नाशिकच्या वाहतुकीचे पर्याय ठरवणाऱ्या सर्वांस,

२०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आमच्या ‘मेट्रो निओ’ला मंजुरी दिली. १ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. त्या दिवशी नाशिककर खरंच हरखले होते. पुढे एक खांबही उभा राहिला नाही. आणि का राहिला नाही, हे सांगायलाही कुणी आलं नाही. मनाला लागलंय ते हे.

मुळात निओ आमच्या वाट्याला आली, कारण एवढ्या शहराला रुळांवरची मेट्रो परवडत नाही म्हणाले. रबरी टायरची, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी जोडबस पुरे. तेही आम्ही मान्य केलं. स्वस्तात आणि लवकर होतंय ना, मग रूळ नसले तरी चालतील!

संध्याकाळी एकदा द्वारका चौकात येऊन उभे राहा. शालिमारहून नाशिकरोडला निघालेली शेअर रिक्षा कोंडीत अडकलेली असते. मागे माणसं दाटीवाटीने बसलेली, आणखी एकजण चालकाशेजारी जेमतेम टेकलेला, मांडीवर बॅग, नजर मोबाइलवरच्या रेल्वेगाडीच्या वेळेवर. गाडी चुकणार हे त्याला कळून चुकलेलं असतं. असा माणूस शेवटी हप्त्यावर दुचाकी घेतो आणि तीही याच चौकात येऊन अडकते.

रेल्वे स्टेशन गावापासून लांब पडलं, ही अडचण आपल्या पणजोबांच्या पिढीने ओळखली होती. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोडपर्यंत तेव्हा ट्राम धावायची, सुरुवातीला घोडे जुंपून. रूळ होते हो या शहरात! आणि आज आम्हालाच रूळ झेपणार नाहीत म्हणता?

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा निओविनाच होणार, हे आता उघड आहे. निदान एवढं करा. निओ रद्द झाली असेल तर तसं लेखी जाहीर करा. दुसरा पर्याय तपासत असाल तर खर्चाच्या तक्त्यात या वाया गेलेल्या वर्षांचीही किंमत धरा. आणि पर्याय कोणताही निवडा, सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उतरलेली म्हातारी माणसं फेरीवाले, दुचाकी आणि उखडलेल्या फरशांमधून रविवार कारंजापर्यंत कशी पोचतील, तेही नकाशावर दाखवा.

आपला,
एक नाशिककर