गांजाबंदी नेमकी कुणावर?

सुरुवात आमच्या वस्तीतल्या एका पोराच्या गोष्टीने करते. नाव सांगणार नाही. वय २२, बी.ए. झालेला, पहाटे पाचला मैदानावर धावणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा. एका रात्री नाक्यावर मित्रांसोबत बसला होता. गाडी आली, चौघांना उचललं. एकाच्या खिशात कागदाच्या पुडीत चिमूटभर गांजा सापडला, बाकीच्यांची वैद्यकीय तपासणी केली. एनडीपीएस कायदा, कलम २७ : सेवन. कोर्टाबाहेर भेटलेल्या वकिलाने सल्ला दिला, "कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जेवायला जाशील." आईने बचत गटातून पैसे उचलले आणि दंड भरला. सगळ्यांना वाटलं, सुटलो. गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषसिद्धी, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नाही. ते त्याला कळलं चारित्र्य पडताळणीच्या वेळी. आता तो पहाटे धावत नाही.

त्याने गांजा ओढला होता की नव्हता? समजा ओढला होता. मग आता याच राज्यातल्या नाशिकच्या कुंभमेळ्यात चला. तिथे साधू भर रस्त्यावर चिलीम ओढतात, शेजारी पोलीस बंदोबस्ताला उभे असतात आणि वर्तमानपत्रं त्याचे रंगीत फोटो छापतात. तिथे कुणाची वैद्यकीय तपासणी होत नाही. त्यांच्या हातात असतो तो 'प्रसाद' आणि आमच्या पोराच्या मित्राच्या खिशात असतो तो 'अमली पदार्थ'. वनस्पती एकच, राज्य एकच, कायदा एकच. फरक फक्त माणसाचा.

म्हणून मी आज जे मांडतेय ते आपल्यातल्या अनेकांना आवडणार नाही, तरी मांडते. गांजाबंदी उठली पाहिजे, गांजाची विक्री सरकारी परवान्याखाली आली पाहिजे, त्यावर कर बसला पाहिजे आणि त्या कराच्या पैशावर पहिला हक्क या बंदीने ज्यांची आयुष्यं नासवली त्यांचा असला पाहिजे. यातला शेवटचा भाग गाळून कुणी नुसतं 'लीगल करा' म्हणत असेल, तर त्याच्या मागे आपण जाऊ नये.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून पानांची भांग या कायद्याच्या बाहेर राहिली. राजस्थानात, उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत आणि महाशिवरात्रीला-होळीला ती घोटली जाते. म्हणजे ज्या नशेला धर्माचा आणि सणाचा आशीर्वाद आहे ती संस्कृती ठरली, आणि दिवसभर हमाली करणारा रात्री जी ओढतो ती गुन्हा ठरली. सेवनासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोपेक्षा जास्त माल सापडला तर किमान १० वर्षं, आणि जामीन जवळजवळ अशक्य. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातून ती पोती वाहणारा कोण असतो? मालाचा मालक नसतो. ट्रिपमागे थोडे पैसे मिळतात म्हणून निघालेला गरीब, बऱ्याचदा आदिवासी माणूस असतो. मालक सापडत नाही, हमाल सापडतो.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जातींचं प्रमाण १६.६ टक्के आहे. तुरुंगात मात्र हेच प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास असतं, हे सरकारचीच वर्षानुवर्षांची आकडेवारी सांगते. आपली माणसं जास्त गुन्हे करतात म्हणून हे होत नाही. पोलिसांची गाडी आपल्या नाक्यावर जास्त थांबते, घरी वकील नसतो आणि जामिनाला पैसे नसतात, म्हणून होतं. 'दिसला की उचल' अशी मुभा देणारा प्रत्येक कायदा शेवटी जातीच्या उतरंडीवरूनच खाली घरंगळतो. बिहारमध्ये २०१६ ला दारूबंदी झाली. तुरुंग कुणी भरले? गरीब दलितच आत जातायत, हे खुद्द तिथले माजी मुख्यमंत्री जीतनराम मांझी वारंवार बोलून दाखवतात. आणि महाराष्ट्रात? साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघाली की तो 'उद्योग', भटक्या-विमुक्तांच्या पालावरच्या भट्टीतून निघाली की तो गुन्हा!

ही बंदी आपल्या मातीतून उगवलेली नाही, हेही लक्षात घ्या. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं होतं. हजारावर साक्षी घेऊन या आयोगाने सांगितलं की माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, परवाने द्या, कर लावा, नियंत्रण ठेवा. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे भारताने गांजा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं मान्य केलं आणि १९८५ ला संसदेने हा कायदा केला. गंमत म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव मताला आला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं. व्हिएन्नात एक भूमिका आणि आमच्या नाक्यावर दुसरी!

आता आपल्या घरातला प्रश्न. मला विचारलं जातं, "ताई, तुम्ही बौद्ध, विहारात पोरांकडून पंचशील म्हणवून घेता आणि गांजाची वकिली करता?" मी पाचवं शील घेते आणि पाळते. माझ्या सख्ख्या मामाला दारूने नेलं, नशेचं कौतुक मला कुणी शिकवू नये. पण शील म्हणजे स्वतःच्या मनाने स्वतःला दिलेला शब्द. दंडुक्याच्या भीतीने जो पीत नाही त्याने शील पाळलं, असं कुठले भन्तेजी म्हणतील? 'जातीचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी १९३६ सालीच नियम आणि तत्त्व यांतला फरक समजावून सांगितलाय. नियम हुकूम सोडतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं आणि म्हणूनच त्याला त्याच्या कृतीसाठी जबाबदार धरतं. विधिनिषेधांच्या गाठोड्याला धर्म म्हणायला त्यांनी नकार दिला. आपण धम्म घेतला आणि पाचव्या शिलाचं पोलीस ठाण्यात रूपांतर करायला निघालो, तर त्या नकाराचं काय झालं?

बाबासाहेबांची राजकीय भूमिकाही वाचा. १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची स्पष्ट मागणी आहे. तिथला युक्तिवाद नैतिक नाही, हिशेबाचा आहे. बंदीने सरकारचं उत्पन्न बुडतं, तिच्यावर वर खर्च होतो आणि दारू गाळणं घराघरांत शिरतं. तो पैसा लोकांच्या कल्याणासाठी हवा, ही त्यामागची दृष्टी. त्याआधी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, संविधान सभेत नशाबंदीचं कलम चर्चेला आलं तेव्हा आदिवासींचे नेते जयपाल सिंग मुंडा आणि आपल्या कोल्हापूरचे बॅरिस्टर खर्डेकर यांनी त्याला विरोध केला. बाबासाहेबांनी तेव्हा स्पष्ट केलं की हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते कधी आणि कसं अंमलात आणायचं हे राज्यावर आणि लोकमतावर सोडलं आहे. म्हणजे आज जे 'कलम ४७, कलम ४७' करत अंगावर येतात, त्यांनी ती चर्चा वाचलेली नाही.

राहिला व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा. २०१५ ला महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली तेव्हा आपण रस्त्यावर होतो. आमच्या ताटात काय आहे हे बघणारं सरकार कोण, असं आपण विचारलं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कायद्यातली दोन कलमं रद्द केली. एक, बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं. दुसरं, निर्दोषत्व सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकणारं. एनडीपीएस कायद्यातही असाच उलटा बोजा आरोपीवर आहे. ताटात डोकावणाऱ्या सरकारला जो आपण नको म्हणतो, तो खिशात हात घालणाऱ्या सरकारला हो कसं म्हणतो? आंतरजातीय लग्न करणाऱ्या पोरीच्या खोलीत, प्रेम करणाऱ्यांच्या बागेत, जेवणाऱ्याच्या डब्यात शिरणारा हात एकच आहे.

पण सावध. 'माझं शरीर, माझी मर्जी' म्हणत गांजा खुला करा सांगणारा जो शहरी उच्चवर्णीय गट आहे, त्याचं स्वातंत्र्य आणि आपलं स्वातंत्र्य एक नाही. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर गांजा आजही खुलाच आहे, तिथे गाडी जात नाही. त्यांना उद्या त्याचा धंदा करायचाय. अमेरिकेकडे बघा. तिथे काळे आणि गोरे जवळपास सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, तरी बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्यांची ३.७३ पट जास्त आहे, असं तिथल्या नागरी हक्क संघटनेच्या २०१३ च्या अहवालाने दाखवलं. २०१४ पासून कोलोरॅडोत कायदेशीर दुकानं उघडली. काऊंटरमागचे मालक बहुतेक गोरे, आणि त्याच मालासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या काळ्याला जुनी नोंद आडवी आली. यातून धडा घेऊन इलिनॉयने २०२० पासून जुन्या नोंदी पुसायला आणि कराचा एक चतुर्थांश वाटा उद्ध्वस्त वस्त्यांसाठी ठेवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्यात हा वाटा ४० टक्के आहे. हे आपोआप झालं नाही, काळ्यांच्या चळवळीने भांडून घेतलं. आपण आज गप्प बसलो तर उद्या परवाने कुणाला मिळतील हे सांगायला ज्योतिषी नको.

आयाबहिणींचा आक्षेप मात्र मी मान खाली घालून ऐकते. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकानं वाढवायला विरोध केला होता. गडचिरोलीच्या, चंद्रपूरच्या बायांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. नशा घर खाते, हे खरंच आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार गांजा-भांगेच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेले ७२ लाख लोक देशात आहेत. दारूबाबत हाच आकडा ५ कोटी ७० लाख आहे, आणि ती दारू राजरोस विकली जाते. पण या ७२ लाखांना मदत कोण देतंय? पोराला तुरुंगातून व्यसन सोडवून आणलेली एक तरी आई मला दाखवा. फुल्यांचा राग होता महसुलासाठी दुकानं वाढवत नेणाऱ्या सरकारवर. तो राग मलाही हवाय. म्हणून जाहिरात नको, शाळा-कॉलेजजवळ दुकान नको, २१ च्या आतल्यांना विक्री नको. आणि आज 'आडवी बाटली' करून दारूचं दुकान बंद पाडण्याचा जो हक्क बायांच्या मताला आहे, तोच हक्क इथेही हवा.

आपल्या मागण्या या क्रमाने असाव्यात. पहिली, आजपासून सेवनासाठी अटक बंद. दुसरी, कलम २७ आणि किरकोळ बाळगण्याच्या जुन्या शिक्षांची नोंद सरकारने स्वतःहून पुसावी. त्यासाठी पोरांना कोर्टाचे खेटे घालायला लावू नयेत. तिसरी, लागवड आणि विक्रीच्या परवान्यांत आदिवासी, भटके-विमुक्त आणि अनुसूचित जातींच्या सहकारी संस्थांना राखीव वाटा, बड्या कंपन्यांना पुढच्या दाराने किंवा मागच्या दाराने प्रवेश नाही. चौथी, कराचा निम्मा पैसा वस्त्यांतली व्यसनमुक्ती केंद्रं, वसतिगृहं आणि मोफत कायदेशीर मदत यांसाठी कायद्यानेच बांधून ठेवावा. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवला जातो हे आपण पाहिलंय, त्यामुळे नुसत्या आश्वासनावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि कायदा बदलेपर्यंत एवढं तरी करा. आपल्या मंडळात, विहारात, अभ्यासिकेत प्रत्येक पोराला सांगा : उचललं तर घाबरून कबुली देऊ नकोस. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील माग, व्यसन असेल तर उपचाराची तयारी दाखवून खटल्यातून सूट मागण्याची सोय याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे, ती विचार. आमच्या पोराला हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर तो आज मैदानावर असता.

जय भीम.