करकर गिअरची, दोष कोणाचा?

मोटारीचा गिअर बदलताना करकर आवाज आला, की शेजारी बसलेला माणूस लगेच निकाल देतो, "गिअरबॉक्स गेला!" मग ती जड पेटी खाली उतरवली जाते, उघडली जाते, नवे भाग बसवले जातात, आणि पुष्कळदा करकर होती तशीच राहते. माझे मत असे, की पेटी उघडणे ही शेवटची पायरी असावी. त्याआधी काही साधे प्रयोग करावेत. त्यांना हत्यारे लागत नाहीत, आणि त्यांचा अर्थ हायस्कूलच्या विद्यार्थ्याला लावता येतो.

उदाहरणादाखल माझदा एमएक्स-५ ही जपानी बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊ. ती १९८९ साली बाजारात आली. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या हौशी लोक आजही चालवतात, आणि जुन्या गाडीच्या धन्याला ही करकर केव्हा ना केव्हा ऐकावी लागतेच.

आवाज नेमका कशाचा, हे प्रथम पाहू. दंतचक्रांचे मोठे दाते एकमेकांवर आपटतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. आजच्या पेट्यांत पुढे जाण्याच्या गिअरांची चक्रे कायमच एकमेकांत गुंतलेली असतात. आपण दांडा सरकवतो तेव्हा आत एक दातेरी कडे सरकते आणि हव्या त्या चक्राच्या कडेवरील बारीक दात्यांत अडकते. दोघांची गती सारखी नसेल, तर दात्यावर दाता आपटत राहतो, तीच करकर. गती सारखी करण्यासाठी मध्ये शंकूच्या आकाराची, बहुधा पितळी, सिंक्रो रिंग असते. ती घर्षणाने एका भागाला दुसऱ्याच्या गतीला आणते. ही युक्ती १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आली. त्यापूर्वी हे काम चालकालाच कानाने आणि पायाने करावे लागे.

रिंगवर किती भार पडतो, याचा हिशेब करू. आपल्या एमएक्स-५ मध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.८८८ आणि तिसऱ्याचे १.३३० आहे. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना दुसऱ्यातून तिसरा टाकला, तर क्लचची तबकडी आणि तिला जोडलेला दांडा यांची गती ६००० × १.३३० ÷ १.८८८, म्हणजे सुमारे ४२२७ फेऱ्यांवर यावी लागते. पापणी लवते तेवढ्या वेळात १७७३ फेरे कमी! हाच बदल ३००० फेऱ्यांना केला, तर फरक निम्मा होतो; पण घर्षणाची उष्णता फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौथ्या हिश्श्यावर येते. स्पोर्ट्स कारच्या रिंगा लवकर का झिजतात, याचे उत्तर गाडीपेक्षा चालकाच्या उत्साहात अधिक आहे.

पण रिंग हे काम केव्हा करू शकेल? क्लचने इंजिनाला पूर्ण अलग केले तरच. क्लच अर्धवट सुटत असेल, तर त्या बिचाऱ्या रिंगला सबंध इंजिन आवरावे लागते, आणि ते तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणजे आवाज एक, पण संशयित किमान दोन.

आता प्रयोग. गाडी सपाट जागी उभी हवी, मागेपुढे कोणी नको, आणि चाकामागे चालक स्वतःच हवा. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. ते विनासायास पडले, तर दांडा आणि त्याचे जोड बहुधा ठीक आहेत. मग इंजिन सुरू करून क्लच पूर्ण दाबावा, सावकाश दहा अंक मोजावेत आणि रिव्हर्स टाकावा. एवढ्या वेळात आतला दांडा थांबायलाच हवा. तरीही करकर झाली, तर कोणीतरी त्याला फिरवत आहे, आणि ते इंजिनाखेरीज दुसरे कोण असणार? दोष क्लचकडे. हा प्रयोग एकदाच पुरे, हौसेने पुन्हा पुन्हा करू नये.

क्लचवर संशय आला, की पास्कलचा नियम आठवावा. या गाडीत पायाचा दाब नळीतील द्रवामार्फत क्लचपर्यंत जातो. द्रव गळून हवा शिरली, तर पायाची हालचाल ती हवा दाबण्यातच खर्ची पडते. पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबल्यावर गिअर मुकाट्याने पडला, तर द्रवाची टाकी आणि क्लचजवळचा छोटा सिलिंडर तपासावा. हा सिलिंडर पेटीच्या बाहेर असतो, आणि पेटी न उतरवता बदलता येतो!

क्लच निर्दोष ठरला आणि चालत्या गाडीत फक्त तिसराच गिअर करकरतो, तर बोट त्या गिअरच्या रिंगकडे जाते. तेथे जुन्या ट्रकचालकांची रीत वापरावी: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाची गती उतरू द्यायची, पुन्हा क्लच दाबून तिसरा. रिंगचे काम चालकाने केल्यावर आवाज गेला, तर रिंग थकली आहे किंवा तेल चुकीचे आहे. तेलाची गंमत अशी, की ते घर्षण कमी करण्यासाठी असते, पण रिंगला तर घर्षणच हवे. अति निसरडे तेल घातले, तर चांगली रिंगसुद्धा घसरते. म्हणून आधी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल घालून पाहावे.

मात्र तेल आणि क्लचचा द्रव एकाच दिवशी बदलू नयेत. आवाज गेला तरी तो कशाने गेला, ते कधीच कळणार नाही.

शिक्षकांना माझे सांगणे असे, की प्रयोगशाळेत आपण मुलांना नेहमी नीट चालणारी उपकरणे देतो आणि पुस्तकातले उत्तर वहीत उतरवून घेतो. वर्षातून एक तास तरी बिघडलेली वस्तू द्यावी. मोटार हवी असे नाही. बॅटरीच्या चार मंडलांत चार निरनिराळे दोष लपवावेत: एकात मृत सेल, एकात तुटलेली तार, एकात गंजलेला जोड, एकात जळलेला दिवा. दिवा लागला याला गुण नकोत. कोणती शंका कोणत्या क्रमाने खोडली, त्याला द्यावेत.