दुर्बीण विद्यार्थ्यांच्या हाती द्या

पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली. भावनगर संस्थानची देणगी आणि मुंबई सरकारचे साहाय्य यांच्या बळावर प्रा. कावसजी नेगमवाला यांनी तेथे वीस इंची परावर्तक दुर्बीण उभारली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निष्ठेवर उभी राहिलेली संस्था त्याच्याबरोबरच मावळते, हा त्या घटनेचा धडा आहे.

पुढे कवलूरला २.३ मीटरची आणि जुन्नरजवळ गिरवलीला २ मीटरची दुर्बीण उभी राहिली. ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु अशा दुर्बिणींवरील रात्री संशोधनासाठी मोजून दिल्या जातात. पदवीच्या वर्गात खगोलशास्त्र शिकणाऱ्याने मात्र फळ्यावरील आकृतीवरच समाधान मानावयाचे काय?

वास्तविक त्याला प्रचंड यंत्र लागत नाही. गुरूचे चार मोठे चंद्र लहान दुर्बिणीतून, शहराच्या उजेडातही दिसतात. त्यांची स्थाने काही आठवडे वहीत नोंदविली, तर प्रदक्षिणाकाल काढता येतो व केपलरचा तिसरा नियम स्वतः पडताळता येतो. आयो या चंद्राचा काल सुमारे साडेबेचाळीस तासांचा आहे. विद्यार्थ्याचे उत्तर चाळीस आले, तर ते दोन-अडीच तास कोठे हरवले याचा शोध घेताना तो जे शिकेल, ते कोणतेही पाठ्यपुस्तक शिकवू शकणार नाही. ग्रंथप्रामाण्याला खरे उत्तर अशा वहीतूनच मिळते.

अडचण पैशापेक्षा व्यवस्थेची अधिक आहे. आकाश रात्री दिसते आणि महाविद्यालय संध्याकाळी बंद होते. दुर्बीण मोडेल या धास्तीने ती कपाटात राहते. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक लवकर लागत असेल, तर निम्म्या वर्गाला निरीक्षणाचे दारच बंद होते. रात्रीचे अध्यापन कामाच्या तासांत धरले नाही, तर शिक्षकाकडून त्यागाची अपेक्षा किती दिवस करावयाची?

म्हणून निरीक्षणाच्या रात्री अभ्यासक्रमात गुणांसह समाविष्ट झाल्या पाहिजेत. शिक्षकाचे व प्रयोगशाळा-सेवकाचे ते काम अधिकृत मानले पाहिजे. मुलींच्या सुरक्षित ये-जा करण्याची जबाबदारी महाविद्यालयाने घेतली पाहिजे. आणि लहान गावांतील महाविद्यालयांनी दुर्बीण सामायिक ठेवावी. विद्यापीठांच्या अधिसभांत व विद्यार्थी संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी. काही लाखांच्या अंदाजपत्रकात बसणारी ही गोष्ट आहे. उणीव आहे ती आग्रहाची.