धारावी : प्रश्न पोटमाळ्यावरच्या माणसाचा

धारावीचा पुनर्विकास करणाऱ्या 'नवभारत मेगा डेव्हलपर्स'मध्ये अदानी समूहाचा वाटा ८० टक्के, राज्य सरकारचा २०. म्हणून वाद 'सरकारी की खासगी' एवढ्यावरच अडकतो. पण १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे मोफत घर आणि पोटमाळ्यावरच्याला धारावीबाहेर, तेही भाडे-खरेदी तत्त्वावर, ही रेषा सरकारनेच आखली. आमच्या कामथडीकडून, भोर-वेल्ह्यातून पोटासाठी मुंबईला गेलेली माणसंही अशाच माळ्यांवर राहिली. त्यांच्याकडे कसली आली भाडेपावती! बाबासाहेबांनी १९४७ मध्ये राज्य समाजवाद संविधानातच लिहून मागितला, बहुमताच्या मर्जीवर सोडला नाही. पोटमाळ्यावरच्याचे घर मात्र शासन निर्णयावर टेकले आहे, आणि शासन निर्णय मंत्रालयातून कधीही बदलता येतो.